तिकिटापुरता मोकळेपणा

स्त्रियांच्या श्रमांविषयी आपल्या चळवळीने पुष्कळ लिहिलं, पुष्कळ बोललं. घरकामाची मोजदाद मागितली, समान कामाला समान दाम मागितला, मारहाणीला ‘घरगुती बाब’ म्हणणाऱ्यांशी भांडण घेतलं. ते सगळं करायलाच हवं होतं. पण बाईची मौज, तिचं हुंदडणं, काही न करता तिने नुसतं बसून राहणं, याविषयी आपण क्वचितच लिहितो. बायकांच्या पोटापाण्याचे, जिवाचे प्रश्न समोर उभे असताना पाळण्यांवर आणि पाण्याच्या घसरगुंड्यांवर काय लिहायचं, असं आपल्यालाच वाटतं.

मला मात्र त्यावरच लिहायचं आहे. आमच्या संघटनेत आठ मार्चच्या सहलीवरून जो वाद झाला, त्यात आपल्या विचारातली एक गाठ मला दिसली. ती सोडवायची तर करमणुकीच्या उद्यानांकडे, आणि तिथे कोण मौज करतं, कोण राबतं याकडे नीट पाहावं लागेल.

माझ्या पिढीच्या मुंबईकर मुलांसाठी मौजेचं नाव एकच होतं, एस्सेल वर्ल्ड. १९८९ साली ते गोराईला सुरू झालं. माझा जन्म त्याच सुमाराचा, त्यामुळे आम्ही बरोबरीनेच वाढलो म्हणायला हरकत नाही. १९९१ नंतर खुल्या आर्थिक धोरणाचे वारे वाहू लागले, घरोघरी रंगीत टीव्ही आले, आणि चाळीतल्या पोरांनाही ‘एकदा तरी तिथे जायचंच’ असं स्वप्न पडू लागलं. १९९८ साली शेजारीच वॉटर किंगडम आलं आणि स्वप्नात पाण्याचीही भर पडली.

आम्ही कांदिवलीच्या चाळीत राहायचो. वडील खाजगी कंपनीत कारकून, आई घरी शिलाई करायची. मे महिन्यात जायचं तर जानेवारीपासून डब्यात पैसे पडायचे. बोरिवलीहून बस, गोराई खाडीला लाँच, आणि पलीकडे उतरलं की दुसरं जग. त्या जगाने मला जे दिलं ते मी आजही नाकारणार नाही. घरात, चाळीत, शाळेत मुलीला सतत सांगितलेलं असतं – हळू बोल, दात काढू नकोस, पाय जवळ घेऊन बस. तिथे पाळणा वरून खाली यायला लागला की पोटातून किंचाळायची मुभा होती. किंचाळणाऱ्या मुलीकडे कोणी वळून बघत नव्हतं, कारण सगळेच किंचाळत होते. मुलीच्या मोठ्या आवाजाला कोणीच हरकत घेतली नाही, अशी ती माझ्या आयुष्यातली पहिली जागा.

पण त्या दिवसांच्या जेवढ्या आठवणी आहेत, त्या सगळ्यांत आई बाकावर बसलेली आहे. मांडीवर पिशवी, पायाशी आमच्या चपला. तिचंही तिकीट काढलेलं होतं, तरी ती एकाही पाळण्यात बसली नाही. ‘मला चक्कर येते’ असं ती म्हणायची. आजूबाजूच्या बाकांवरही बहुतेक बायकाच होत्या, आणि त्या सगळ्यांनाच चक्कर येत असावी! सामान कोणी सांभाळायचं हे घरी ठरलेलं होतं, ते तिथे जाऊन बदललं नाही. मौजेच्या जागीसुद्धा बाई कामावरच होती.

त्या काळात दूरदर्शनवर लागणारी जाहिरात माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. तिच्या गाण्यातला ‘मी’ घरी परत जायला तयार नाही, इथेच राहणार म्हणतो. आम्ही मुलीही ते गाणं जसंच्या तसं, पुल्लिंगी क्रियापदांसकट म्हणायचो. आज वाटतं, ते गाणं स्त्रीलिंगात लिहिणं कोणाला सुचलंही नसतं. ‘घरी जाणार नाही’ असं मुलगा म्हणतो तेव्हा तो गोड हट्ट होतो. तेच वाक्य मुलीच्या तोंडी आलं तर आपल्याकडे पोलीस चौकी, नातेवाईकांची बैठक आणि ‘कोणाबरोबर गेली होती’ हा प्रश्न, इथवर प्रकरण जातं. आमच्या सल्ला केंद्रात रोज ज्या मुली आणि बायका येतात त्यांतल्या निम्म्यांची हकीकत या एकाच वाक्यात सांगता येते – तिने घरी जायला नकार दिला.

लाँचची दुसरी बाजू

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेताना आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असायचं. त्या निमित्ताने मी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गावांत हिंडू लागले आणि लहानपणी जे बेट मला केवळ पाळण्यांचं वाटत होतं, ते माणसांचं असल्याचं ध्यानात आलं. गोराई, मनोरी, उत्तन ही गावं ज्या बेटावर आहेत त्याचं नाव धारावी बेट. आपण ज्या धारावीला ओळखतो तिच्याशी याचा संबंध नाही. इथे कोळी आहेत, ईस्ट इंडियन ख्रिस्ती आहेत, आदिवासी पाडे आहेत. मासे, मीठ, भाजीपाला आणि ताडीवर इथली घरं चालत आली.

ज्या खाडीतून आम्ही मौजेला जायचो, तीच खाडी ओलांडून कोळणी पाट्या घेऊन बोरिवली-मालाडच्या बाजारात जात होत्या. आमची लाँच सुट्टीची, त्यांची पोटाची. लहानपणी त्या पाटीच्या वासाने आम्ही नाक मुरडलेलं मला आठवतं. आमच्या सहलीच्या गोष्टीत त्या बाया कुठेच नव्हत्या. गोराई-मनोरी परिसरातली पाण्याची टंचाई वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येते आहे. घरात पाणी नसलं की हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच बेटावर शहरातल्या लोकांसाठी पाण्याच्या लाटा तयार करणारा तलाव असावा, यात कोणा एकाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पाणी कोणासाठी आणि कशासाठी, हे ज्या पद्धतीने ठरतं ती पद्धतच तशी आहे.

किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ सालची. मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या खारफुटीच्या तोडीला २००५ साली बंदी घातली. तोवर मुंबईच्या किनाऱ्याचं बरंच काही होऊन गेलेलं होतं. २००० नंतरच्या दशकात याच बेटावर पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारायचा प्रस्ताव आला, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि तो प्रस्ताव पुढे गेला नाही. जमीन गेली तर मासे वाळवायचे कुठे, हा प्रश्न बायकांचा होता. बोंबील वाळत घालायच्या वलांड्या म्हणजे शहरातल्या माणसाला मोकळी जागा वाटते. तिथे राबणाऱ्या बाईला तो कारखाना असतो.

इतकं समजल्यावर मौजेवरचा माझा जीव उडाला नाही. उडाला तो त्या जागेच्या निरागसपणावरचा विश्वास.

परंपरेतली मौज आणि बाजारातली मौज

इथे कोणी म्हणेल, ही परदेशी पद्धतीची उद्यानं हवीत कशाला? आपल्याकडे बायकांचे खेळ नव्हते का? होते की! नागपंचमीला झाडाला झोके बांधले जात, भोंडला असे, मंगळागौर जागवली जात असे. झिम्मा-फुगडीत बायका घामाघूम होऊन नाचत. पण या खेळांना दाराशी उभा राहून नाव-गाव विचारणारा कोणीतरी होता. मंगळागौर नव्या नवरीची, सवाष्णींची. नवरा गेलेली बाई आतल्या खोलीत. टाकलेल्या बाईला बोलावणं नाही. कोणत्या जातीच्या अंगणात कोण फेर धरणार, हेही ठरलेलं. सणापुरता, नवरा असेपर्यंत, आपल्या जातीत – इतक्या अटी पाळून मिळणारी ती मौज होती.

तिकीट खिडकी या अटी घालत नाही. पैसे दे आणि आत जा. तुझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे का, तू कोणत्या आळीतली, हे ती विचारत नाही. सार्वजनिक तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी ज्या समाजात १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजात एका तलावात अनोळखी माणसं एकत्र डुंबतात, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. बाजाराला नुसत्या शिव्या घालून आपण मोकळ्या होतो तेव्हा हे विसरतो. बाजार काही जुने अडसर काढतो, आणि त्या जागी एकच नवा अडसर ठेवतो, पैशाचा. नवरा गेलेल्या, टाकलेल्या, दलित वस्तीतल्या बाईकडे नेमका तोच नसतो.

सहलीचा वाद

आता त्या वादाकडे येते. आमच्या बचत गटांच्या बायकांनी ठरवलं की या वेळी आठ मार्चला मोर्चा झाल्यावर पुढच्या रविवारी पाण्याच्या उद्यानात जायचं. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढायची त्यांची तयारी होती. संघटनेच्या बैठकीत लगेच दोन तट पडले. ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, हा निव्वळ चंगळवाद आहे. त्या पैशांत एखाद्या मुलीची फी भरता येईल. सहल काढायची तर सावित्रीबाईंच्या नायगावला काढा, काही शिकायला तरी मिळेल. तरुण मुली म्हणाल्या, शिकण्यासाठी वर्षभर शिबिरं आहेतच.

वस्तीतली एक बाई, चार घरची धुणीभांडी करणारी, शेवटी म्हणाली, “ताई, तुम्ही सगळ्या लहानपणी जाऊन आलात. आता आम्ही जातो म्हटलं की वाईट झालं होय?”

या प्रश्नाला चळवळीकडे चांगलं उत्तर नाही. गरिबाची गरज मान्य करायला आपण शिकलो आहोत, त्याची हौस मान्य करायला नाही. धान्य, रॉकेल, औषध यासाठी बाईने मागणी केली तर आपण तिच्या पुढे उभ्या राहतो. तिने ‘मला पाण्यात खेळायचंय’ म्हटलं की आपण तिच्याकडे जमाखर्च मागतो. अनुदान देणाऱ्या संस्थांचंही तसंच. प्रशिक्षण, जाणीवजागृती, क्षमताबांधणी यांना रकाने असतात. नुसत्या मौजेला नसतो. मग आम्ही सहलीला ‘अभ्यास दौरा’ म्हणतो. मौजेला खोटं नाव द्यावं लागतं, यातच तिची किंमत कळते.

मी जाण्याच्या बाजूने होते, आणि आम्ही गेलो. कुठलं उद्यान ते महत्त्वाचं नाही. मुंबईच्या उत्तरेला अशी पुष्कळ आहेत. बायकांनी त्या दिवशी काय केलं ते थोडक्यात सांगते. पन्नाशीच्या एका बाईने पहिला तास काठावर पाय सोडून काढला. मग तिला दोघींनी ओढलं. त्यानंतर संध्याकाळी पाच वाजेपर्यंत ती पाण्याबाहेर आली नाही. बाकावर सामान सांभाळायला कोणीही बसायचं नाही, असा ठराव आम्ही आदल्या दिवशीच केला होता. लॉकरचे पैसे गटाच्या खात्यातून भरले. मला विचाराल तर त्या सहलीतला सर्वात राजकीय खर्च तोच.

पाण्याबाहेरच्या बायका

दुपारी आमच्यातली एकजण कपडे बदलायच्या खोलीतून पळत आली. फरशी पुसणारी बाई तिच्या गावची निघाली होती. दोघी एकमेकींना धरून बोलत राहिल्या, तेवढ्यात मुकादमाने हाक मारली आणि ती मावशी उठून गेली. जाताना आमच्या संघटनेचा पत्ता मात्र मागून घेतला. पुढच्या महिन्यात ती आणखी दोघींना घेऊन केंद्रात आली.

त्यांची गाऱ्हाणी अशी. पगार उद्यान देत नाही, कंत्राटदार देतो. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण खातं कुठे आहे ते माहीत नाही. एप्रिल-मे हा हंगाम, तेव्हा साप्ताहिक सुट्टी मागायची नाही. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं. पायाच्या बोटांमध्ये कातडी गळून पडते, तरी बूट मागितले तर ‘चपला चालतात’ म्हणतात. बायकांना कपडे भाड्याने देण्याच्या खिडकीवर आणि साफसफाईला ठेवतात. पाण्याजवळची, जीवरक्षकाची कामं पुरुषांकडे, आणि पगारही त्यांनाच जास्त. दारू पिऊन आलेली गिऱ्हाइकं अंगचटीला येतात. तक्रार केली तर ‘गिऱ्हाईक आहे, दुर्लक्ष कर’. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तोंडी सांगून घरी पाठवलं. पुन्हा उघडल्यावर जुन्यांपैकी पुष्कळजणींना बोलावलंच नाही. दिवसपाळीच्या नोंदी कंत्राटदाराकडे, त्यामुळे इतकी वर्षं काम केलं हे दाखवायला कागद नाही.

यातलं एकही गाऱ्हाणं आपल्याला नवं नाही. सफाई कामगार, मॉलमधल्या मुली, इस्पितळातल्या आया, सगळ्या हेच सांगतात. फरक एवढाच की इथे दुसऱ्याच्या आनंदाचं वातावरण टिकवणं हाही कामाचाच भाग असतो. गिऱ्हाइकांना थकलेला चेहरा दिसता कामा नये. घरात बाईकडून जी अपेक्षा असते, नवरा आला की हसून दार उघड, तीच इथे गणवेश घालून उभी असते.

कायद्यांत यावर काही आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते आणि तिच्याबद्दलचा आदेश दर्शनी जागी लावावा लागतो. बाहेरच्या माणसांकडून होणाऱ्या त्रासापासूनही कामगार बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी या कायद्याने मानली आहे. ‘गिऱ्हाईक आहे, दुर्लक्ष कर’ हे उत्तर म्हणूनच बेकायदा आहे. आणखी एक गोष्ट आपल्यातल्याही अनेकींना ठाऊक नसते. पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे असं हा कायदा म्हणत नाही. तिथे सहलीला गेलेल्या बाईला तिथल्या कर्मचाऱ्याने त्रास दिला, तर तीही समितीकडे जाऊ शकते. तक्रार मात्र साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते.

कंत्राटी कामाचा पेच अधिक कठीण आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस कामगारांपासून लागू होत असे. महाराष्ट्राने २०१६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा पन्नासवर नेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चार कामगार संहिता अमलात आणल्या, त्यांतही आकडा पन्नासचाच आहे. हा आकडा मोठा केला की कंत्राटदाराला आपली माणसं छोट्या छोट्या तुकड्यांत दाखवायला वाव मिळतो. आणि बायका बहुतेक याच तुकड्यांत असतात. प्रसूतीच्या रजेचं तसंच. बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या बाईला तो लाभ मिळायला हवा, पण दिवस मोजायचे तर आधी हजेरी तिच्या हातात हवी.

असं असलं तरी काहीच करता येत नाही असं मी म्हणणार नाही. केरळात कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथल्या सरकारला कायदा बदलून तो हक्क द्यावा लागला. २०२१ साली तामिळनाडूनेही तशी तरतूद केली. स्टुलावर बसायला मिळावं, ही मागणी किती लहान दिसते! पण ती मागणारी बाई पहिल्यांदा म्हणत असते की माझ्या शरीरालाही थकवा येतो, मी काउंटरचा भाग नाही.

सुरक्षिततेचा व्यापार

या उद्यानांविषयी नेहमी सांगितलं जाणारं दुसरं कौतुक म्हणजे ती बायकांसाठी सुरक्षित असतात. बऱ्याच ठिकाणी एकट्या पुरुषांच्या टोळक्यांना प्रवेश नसतो; पाट्यांवर ‘फक्त कुटुंब आणि जोडपी’ असं लिहिलेलं असतं. या पाटीकडे जरा थांबून बघू या. बाईला संरक्षण मिळतं ते नागरिक म्हणून नाही. कोणाची तरी बायको, बहीण, आई म्हणून मिळतं. आमचा पस्तीस बायकांचा गट फाटकाशी आला तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, “बरोबर जेन्ट्स कोणी नाही?” आत सोडलं, पण प्रश्न विचारून.

दुसरं म्हणजे ही सुरक्षितता फाटकापर्यंतच असते. बाहेर पडलं की तीच अंधारी वाट, तीच न येणारी बस, तीच रिक्षावाल्याची नजर. बाईला निर्धास्तपणे हिंडता यावं ही राज्याची, महानगरपालिकेची जबाबदारी होती. ती पार पाडली नाही, म्हणून निर्धास्तपणा तिकिटावर विकता येतो. सार्वजनिक जागा जितकी भीतीची, तितका कुंपणाआतल्या जागेचा धंदा बरा.

आणि आठ मार्च! त्या आठवड्यात जाहिराती पाहा. ‘महिलांना प्रवेशात सवलत’, ‘एका तिकिटावर मैत्रीण मोफत’, गुलाबाचं फूल. १९१० साली कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिनने स्त्रियांच्या दिनाचा प्रस्ताव मांडला. १९१७ साली पेट्रोग्राडच्या कामगार बायका भाकरीसाठी आणि युद्धाविरुद्ध रस्त्यावर आल्या तो हा दिवस. त्या दिवशी मिळालेली सवलत वापरू नका असं मी म्हणत नाही. पैसे वाचत असतील तर वाचवा. पण त्या दिवशी आतल्या सफाईवाल्या मावशींना सुट्टी आहे का, एवढं तिकीट खिडकीवर विचारा. आम्ही विचारलं. खिडकीमागची मुलगी आधी गोंधळली, मग हळूच म्हणाली, “मलासुद्धा नाहीये.”

मोकळ्या जागा कोणाच्या

मुंबईच्या जुन्या मुलांना मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट आठवतो. तो बांधला ज्या इंग्रजी बालगीतावरून, त्यातल्या म्हातारीला इतकी पोरं की काय करावं तिला कळत नाही. बिचारीला बुटात राहावं लागलं, आणि तिच्या हालांवर आपण मजेत चढत राहिलो! पण त्या उद्यानात जायला तिकीट लागत नव्हतं. आमच्या चाळीतल्या बायका वर्षातून एकदा गावाहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तिथे जायच्या, आणि तिथे मात्र आईही गवतावर पाय पसरून बसायची. बागेत कोणी तिला चक्कर येते का म्हणून विचारत नव्हतं.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईतल्या स्त्रिया आणि सार्वजनिक जागा यांविषयीचं पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झालं. बाईला शहरात निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क हवा, ही त्यांची मांडणी मला आपल्या चळवळीसाठी फार मोलाची वाटते. बाई बाहेर दिसली तर तिच्यापाशी कारण असावं लागतं – बाजार, शाळा, दवाखाना, देऊळ. कारणाशिवाय ती नाक्यावर उभी राहू शकत नाही. पुरुष मात्र पानाच्या टपरीवर तासन् तास उभा असतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या संघटनांनी ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू केली आणि बायकांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी केली. या दोन्ही गोष्टी मला एकाच धाग्याच्या वाटतात. लघवीला जागा नसेल तर बाई दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहूच शकत नाही. मग रेंगाळणं तर दूरच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. करमणूक उद्यानांवर बहिष्कार टाकायची हाक मी देणार नाही. वस्तीतल्या बायका तिथे जायच्या आधीच आपण तो रस्ता बंद करणं बरोबर नाही. पण तिकिटापुरत्या मोकळेपणावर आपण समाधान मानायचं का? आपल्या गटांनी पुढच्या वर्षात काही गोष्टी हाती घेता येतील, त्या मांडते.

एक, आपल्या वॉर्डातल्या उद्यानाची पाहणी करा. दुपारी कुलूप असतं का? घरातल्या बाईला मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारचाच. मुतारी आहे का, दिवे लागतात का, बाकावर कोण बसलेलं असतं, हे आठवडाभर वहीत लिहा आणि वॉर्ड अधिकाऱ्यापुढे ठेवा. मोठ्या बायकांना बसता येईल असा एक तरी झोपाळा मागा. ‘फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी’ ही पाटी वाचून परत फिरलेल्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दोन, सहलीला जाल तिथे अंतर्गत समितीचा आदेश कुठे लावला आहे ते शोधा. सापडला नाही तर व्यवस्थापकाला लेखी विचारा. पस्तीस तिकिटं काढणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यावं लागतं. तिथल्या कामगार बायकांपर्यंत आपल्या केंद्राचा पत्ता पोचवा, मात्र मुकादमासमोर नको. त्याने त्यांचीच नोकरी जाते. आमच्याकडे आलेल्या तिघींपैकी दोघींची निधीची खाती शोधून झाली आहेत, तिसरीचं काम कंत्राटदाराने नाव चुकीचं लिहिल्यामुळे अडलं आहे. लढाई अशीच कागदाकागदाने चालते.

तीन, आपल्या अंदाजपत्रकात मौजेचा रकाना तिच्या खऱ्या नावाने घाला. देणगीदार विचारेल. विचारू द्या. कामाच्या तासांची मर्यादा मागणाऱ्या कामगारांनी विश्रांतीचा वेळही मागितला होता, आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे. त्यांतले शेवटचे आठ तास बाईच्या वाट्याला अजून आलेले नाहीत. ते मागणं म्हणजे चैन नव्हे.

या विषयावर सगळ्यांचं एकमत होणार नाही, हे आमच्या बैठकीवरून दिसलंच. ज्यांना हा सगळा प्रकार चंगळवादच वाटतो त्यांनीही लिहावं. तुमच्या गटात सहलीचा विषय निघतो तेव्हा कोण काय म्हणतं, पैसे कुठून येतात, आणि सामान कोण सांभाळतं, ते पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.